तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्ट तुमची, मग फासे कशाला?

हा प्रश्न मला ऑफिसात डबा खाताना विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा धरून विचारलाय. तेव्हा नुसतं हूं केलं. आज जरा सविस्तर सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रविवारी दुपारी आम्ही पाचजण जेवणाच्या टेबलाभोवती बसतो. मी एक जग सांभाळतो, बाकीचे चौघे त्या जगातली माणसं होतात. ते काय करायचं ते ठरवतात, मी पुढे काय झालं ते सांगतो, आणि जिथे काहीही होऊ शकतं तिथे फासे पडतात. या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. आमच्या टेबलावर मात्र ड्रॅगन नाहीत. आमचे चौघे बैलांवर मीठ लादून कोकणातून घाट चढतात आणि जुन्नरच्या बाजाराकडे जातात. घाट म्हणजे नाणेघाटच, थोडा वाकवलेला.

तर प्रश्न असा की घाट मी काढला, माणसं मी रचली, मग वाटेत कोण भेटणार हे फाशाला का विचारायचं? मी लेखक असतो तर विचारलं नसतं.

सुरुवातीला मी हे फार वाईट केलं. एका कागदावर वीस ओळी लिहिल्या: धनगर, दरड, दरोडेखोर, वाघ, हरवलेलं रेडकू, असं काय काय. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि जी ओळ येईल ती वाचायची. पहिल्याच रविवारी दरोडेखोर तीनदा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, “या घाटात यांची शाखा आहे का?” मी फाशाला दोष दिला. घरी गेल्यावर (म्हणजे ते सगळे घरी गेल्यावर, मी घरीच होतो) वहीत आकडेमोड केली. तीनदा येणं हे जरा अतीच होतं, पण वीस ओळींच्या तक्त्यातून सहा वेळा उचललं तर कुठलीतरी ओळ दुसऱ्यांदा येण्याची शक्यता शंभरात ५६ निघाली. म्हणजे पुनरावृत्ती हा अपघात नव्हता, मी स्वतःच तिला जेवायला बोलावलं होतं. आणि खरा घोळ त्याहून मोठा होता. माझ्या तक्त्यात वाघ आणि रेडकू यांना समान हक्क होता. कुठल्या घाटात रेडकाइतके वाघ भेटतात?

एक फासा म्हणजे माळरान. सगळं सपाट, प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच. दोन फासे टाकून बेरीज केली की त्या माळावर सुळका उभा राहतो: सहा बाजूंचे दोन फासे छत्तीस प्रकारे पडतात, त्यातल्या सहा प्रकारांनी सात होतात, आणि दोन किंवा बारा फक्त एकेका प्रकाराने. तीन फासे घेतले की सुळक्याची टेकडी होते. मध्ये १० आणि ११ मिळून चौथा हिस्सा खातात, आणि अठरा २१६ मध्ये एकदा. माझं आवडतं मात्र पठार. आठ बाजूंचा एक आणि बारा बाजूंचा एक फासा मिळवला तर २ पासून २० पर्यंत बेरजा येतात. कडेला उतार, आणि मध्ये ९ ते १३ अगदी सपाट, प्रत्येकी बारात एक. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल टू’ या १९८३ च्या प्राण्या-राक्षसांच्या पुस्तकात वाटेत कोण भेटेल याचे तक्ते याच जोडीवर बेतलेले आहेत. ज्याने कोणी हे पहिल्यांदा ओळखलं त्याला माझा नमस्कार. नेहमीच्या पाच गोष्टी पठारावर बसवायच्या आणि नवल कड्यावर.

म्हणजे फासे निवडतानाच निम्मी गोष्ट लिहून होते. हे कळल्यावर मी तक्ता नव्याने लिहिला, दोन फाशांचा. सातावर लमाणांचा तांडा. सहावर धुकं, आठावर धनगर. पाचावर ढासळलेल्या पायऱ्या, नऊवर जकातदार. दोनावर वाघ. आता तांडा पुन्हा पुन्हा भेटतो आणि कोणी हसत नाही, कारण मिठाच्या वाटेवर लमाण पुन्हा भेटायचेच. तिसऱ्या खेपेला चौघे तांड्याच्या नायकाला, म्हणजे म्होरक्याला, नावाने हाक मारू लागले. ते नाव मी जागच्या जागी ठोकून दिलेलं. आता तो नायक माझ्यापेक्षा त्यांचा जास्त आहे.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही, असंही मी पंगतीत सांगतो. पाशककेवली नावाचा प्रकार आपल्याकडे फार जुना: चार खुणांचा फासा तीनदा टाकायचा, जे तीन आकडे येतील त्यांचं उत्तर पोथीत वाचायचं. चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट उत्तरं. १८९० मध्ये मध्य आशियात कुचाजवळ हॅमिल्टन बॉवर यांना मिळालेल्या जुन्या संस्कृत हस्तलिखितात, म्हणजे बॉवर हस्तलिखितात, असे दोन तक्ते आहेत. गंमत म्हणजे तिथे बेरीज करत नाहीत, क्रम बघतात. बेरीज केली असती तर सात आणि आठ चौसष्टात बारा-बारा वेळा आले असते आणि गावात तिघांतल्या एकाला तरी या दोनांपैकीच एक भविष्य मिळालं असतं.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंच. वाटेत कोण भेटणार एवढंच ठरवायचं असेल तर मीही ठरवू शकतो. मला हवं असतं ते मला न सुचलेलं. पहिल्या १९७४ च्या नियमांतच एक साधी सोय होती: समोर आलेला जीव कसा वागेल यासाठी दोन फासे टाका, पाच किंवा कमी तर वाईट, नऊ किंवा जास्त तर चांगलं, मध्ये असेल तर अनिश्चित. मी हे जकातदारासाठी टाकलं आणि अकरा पडले. जकातदार आणि खूश? मिठाच्या गोण्या मोजणारा माणूस कशाने खूश होईल? मी दोन घोट चहा प्यायलो आणि तोंडातून निघालं की त्याला वर जुन्नरला बहिणीकडे निरोप पाठवायचाय, आणि सहा महिन्यांत भरवशाचं कोणी भेटलेलं नाही. फासे नसते तर तो नेहमीसारखा खेकसला असता. माझ्या डोक्यातले सगळे जकातदार खेकसतात. पुढचे पाच रविवार त्या निरोपाने खाल्ले.

यात एक पथ्य आहे, आणि ते मी मोडून शिकलो. एका रविवारी चौघांपैकी एक जखमी होता, दिवस मावळलेला, आणि माझे फासे कोणाला दिसू नयेत म्हणून उभ्या केलेल्या पडद्याआड दोन पडले. वाघ. मला दया आली. मी गंभीर आवाजात म्हणालो, “धुकं उतरतंय.” माझी भाची, वय अकरा, पाणी प्यायला उठली होती. ती माझ्या मागे उभी राहून म्हणाली, “मामा, दोन पडलेत.” मग कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी धुक्यात कोणी घाबरलंही नाही. फासा पाळायचा नसेल तर तो टाकायचाच नाही. तक्त्यातली एखादी ओळ आत्ता आली तर चालणार नाही असं वाटत असेल, तर त्या क्षणी फाशाला हात लावू नये, सरळ सांगून मोकळं व्हावं. पडदा मी माळ्यावर टाकला. पुढे वाघ उघड्यावर आला तेव्हा त्यांनी एक बैल गमावला आणि मीठ अर्ध्या डोंगरावर सांडलं. भाचीने बैलाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता तुमचा ठरलेला पुढचा प्रश्न: जे जवळजवळ कधी येणारच नाही ते लिहिता कशाला? खेळातल्या दर दिवसाला तीनदा मी एक फासा टाकतो. सहा पडला तरच तक्ता उघडतो. म्हणजे बाराची ओळ येण्याची शक्यता दर खेपेला २१६ मध्ये एक. चार दिवसांच्या अख्ख्या चढणीत शंभरात साडेपाचही नाही. त्या एका ओळीवर मी दोन आठवडे घालवलेत, एक नकाशा काढलाय, आणि तिच्यासाठी लागणारी एक जुनी वस्तू बाजारातून शोधून आणून कपाटात ठेवलीय. दोन वर्षं झाली, ती अजून कपाटातच आहे.

बारावर काय आहे ते इथे लिहीत नाही. चौघांपैकी दोघे हे वाचणार आहेत, आणि भाची त्यांच्या आधी.