दीड-दीड वर्षांचं आयुष्य

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये किराण्याला गेलं की हल्ली नेपाळी बोलणं सतत कानावर पडतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा इथला मुक्काम वर्षानुवर्षं 'टीपीएस'वर (टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस, म्हणजे यादीतल्या ठरावीक देशांच्या लोकांना मिळणारं तात्पुरतं संरक्षण) टिकून होता. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

एखाद्या देशात युद्ध पेटलं किंवा भूकंप-वादळाने तो कोलमडला, तर आधीच अमेरिकेत असलेल्या तिथल्या लोकांना परत धाडायचं नाही, अशी सोय १९९०च्या कायद्याने केली. व्हिसा संपला असला तरी राहता येतं, कामाचा परवाना मिळतो. मुदत एका वेळी ६ ते १८ महिने. एप्रिल २०१५च्या भूकंपात नेपाळमध्ये जवळपास ९ हजार माणसं गेली आणि जूनमध्ये नेपाळ यादीत आला.

माझ्या लेकीला सांभाळणाऱ्या दिदी त्यातल्याच. मुदत वाढली की पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि नवं कार्ड हातात पडेपर्यंत काम जाण्याची धास्ती. आई काठमांडूत आजारी. भेटायला जायचं तर आधी परवानगी, आणि परत आल्यावर आत घेतीलच असं नाही. मुलगा मात्र इथे जन्मलेला, अमेरिकी नागरिक.

आपल्या घरांत एच-१बी आणि ग्रीन कार्डच्या रांगेची केवढी काळजी असते! पण ती रांग तरी आहे. टीपीएसवाल्यांना रांगच नाही. कितीही वर्षं कर भरा, तेवढ्यावर ग्रीन कार्ड मिळत नाही. एल साल्वाडोरच्या लोकांनी तर २००१च्या भूकंपांनंतर वीसहून जास्त वर्षं अशीच काढली.

नेपाळचं संरक्षण काढायचा पहिला प्रयत्न २०१८मध्ये झाला, तो न्यायालयात अडला. जून २०२५मध्ये सरकारने पुन्हा जाहीर केलं: नेपाळ सावरला आहे, साठ दिवसांत संरक्षण संपेल. पुन्हा कोर्टकचेरी, कधी स्थगिती मिळाली, कधी ती उठली. दिदींना रोज बातम्या बघायची भीती वाटायची.

सोय तात्पुरतीच होती, हा सरकारचा मुद्दा मला कळतो. तरीही दहा वर्षं माणसाला काम करू द्यायचं, घर-संसार उभा राहू द्यायचा आणि मग दोन महिन्यांत आवरायला सांगायचं, हा मला सरळ अन्याय वाटतो. इतकी वर्षं राहिलेल्यांना कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता यायलाच हवा. तशी तरतूद असलेलं विधेयक मार्च २०२१मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूरही झालं होतं. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही.