बारीक बाळ

आमच्या वसईत जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. वांद्र्याच्या डोंगरावर चालत जाण्याला मात्र कुणी वारी म्हणत नाही, नुसतं ‘मोतमाउलीला पायी जायचं’ म्हणतात. मोतमाउली म्हणजे तिथल्या माउंट मेरी चर्चमधली मरियामाता. मी जन्मले तेव्हा आईनेही तेच म्हटलं होतं. सातव्या महिन्यातच आलेलं पोर, कापसात गुंडाळून ठेवलेलं. ‘ही जगली तर पायी येईन आणि मेणाचं बाळ वाहीन.’ मी जगले. माझ्या पाठीवर आणखी तिघं झाली. केळीची बाग, दोन म्हशी, अंथरुणाला खिळलेली सासू, या सगळ्यात आईला चालायला एक रात्र काही सापडली नाही. दरवर्षी जत्रेला लोकलने जायची, मेणबत्ती लावून यायची. बाळ मात्र न्यायची नाही. ते पायी जाऊनच वाहायचं, हा तिचा हट्ट. यंदा गुडघ्यांनी कायमची रजा मागितली, तेव्हा मला म्हणाली, “तू चाल.”

मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते, त्यामुळे मला वाद घालायची खोड आहे. म्हटलं, आई, देवाची कृपा म्हणजे सोसायटीचं कर्ज नाही, हप्ते फेडायला. देवदूत मरियेला ‘कृपापूर्णे’ म्हणाला तेव्हा येशूची आई व्हायला ती अजून ‘हो’सुद्धा म्हणाली नव्हती. कृपा आधी आली, होकार नंतर.

आईने भाजी निवडता निवडता विचारलं, “फेडायला कोण सांगतंय? भेटून ये.”

वसईहून सरळ चालत जायचं तर खाडी आडवी येते. रेल्वेच्या पुलावरून पायी जाता येत नाही आणि घोडबंदरचा वळसा लांब पडतो. म्हणून शनिवारी रात्री आम्ही चौघी लोकलने दहिसरला उतरलो आणि साडेनऊला हायवेला लागलो. मी, माझी धाकटी जाऊ, शेजारच्या काकू आणि त्यांची सून. मी मुद्दाम नवे बूट घेतले होते. काकूंच्या पायात रोजची चप्पल. गोरेगावला फोड कुणाला आला हे सांगायला नको.

शनिवार म्हणजे जपमाळेत आनंदाची रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले आनंदाचे प्रसंग. बोरिवलीच्या पुलाखाली दुसरं रहस्य आलं, मरियेची तिच्या नात्यातल्या अलिशिबेला भेट. इतकी वर्षं मी ते घरात, पंख्याखाली बसून म्हटलंय. त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं की ही पोटुशी पोर गालिलातल्या नाझरेथहून थेट यहूदियाच्या डोंगराळ भागात गेली होती. शंभर किलोमीटरच्या वरची वाट, तीही शुभवर्तमानात लूक म्हणतो तशी घाईघाईने. जिला भेटायला गेली तीही पोटुशी, आणि उतारवयातली. म्हणजे आमची पहिली यात्रा दोन गर्भार बायकांच्या भेटीची. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग? बाळंतपणाला माणूस लागतंच की.” आणि पुढचा ‘नमो मरिये’ सुरू केला.

जोगेश्वरीला सायकलवाल्याकडे चहा घेतला. बारीक पाऊस होता. जावेने विचारलं, सण नेमका आठ सप्टेंबरलाच का? (जत्रा त्यानंतरच्या रविवारपासून आठ दिवस असते.) याचं उत्तर मला फार आवडतं. आठ सप्टेंबर हा मरियेचा स्वतःचा जन्मदिवस. त्याच्या बरोब्बर नऊ महिने आधी, आठ डिसेंबरला, तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. आपल्या आईच्या, अ‍ॅनाच्या पोटात राहिली त्या क्षणापासून ती पापाच्या डागापासून राखली गेली, हे 1854 साली पोप नववे पायस यांनी श्रद्धासिद्धांत म्हणून जाहीर केलं. चर्चनेसुद्धा बायकांसारखे महिने मोजले. माझ्या बाबतीत तेवढा हिशेब दोन महिन्यांनी चुकला.

पण एक तक्रार आहेच. संतांच्या यादीत कुमारिका, साध्वी, हुतात्मे रांगेने. आई म्हणून संत झालेल्या शोधाव्या लागतात. फ्रान्समधली झेली मार्टिन मला जवळची वाटते. लेस विणायचा स्वतःचा धंदा चालवायची. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली, आणि 1877 मध्ये कर्करोगाने तीही गेली. तिला आणि तिच्या नवऱ्याला जोडीने संतपद मिळालं ते 2015 साली. लेक तेरेझा तिच्या आधी नव्वद वर्षं संत झालेली! लेक पुढे, आई मागे. घरोघरचीच गोष्ट.

पार्ल्यापुढचं नीट आठवत नाही. जपमाळ थांबली होती, नुसते पाय चालत होते.

हिल रोडला लागलो तेव्हा पाच वाजून गेले होते. चढणीवर मेणाची दुकानं उघडलेली. हात, पाय, डोळे, घर, बाळ. ज्याला जे हवं ते. आईने बजावलं होतं, ‘बारीक घे, तू बारीकच होतीस.’ विकणारी म्हणाली, “बाई, बाळ एकाच साइजचं असतं.” घेतलं. चांगलं गुबगुबीत होतं.

वर आताची इमारत 1904 ची आहे, पण मूर्ती तिच्याहून कितीतरी जुनी, जेझुइट धर्मगुरूंनी पोर्तुगालहून आणलेली. 1700 साली अरबी चाच्यांनी सोन्याच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला. पुढे मूर्ती दुरुस्त केली तेव्हा तुटका हात झाकेल असं बाळ तिच्या हाती दिलं, असं सांगतात. रांगेत माझ्यापुढे कुंकू लावलेली एक बाई होती, मागे कोळणींचा घोळका. सगळ्यांच्या तोंडी ‘माउली’. आळंदीच्या वाटेवर ज्ञानोबांनाही माउलीच म्हणतात, पुरुष असून. मराठीला आईवाचून दुसरा मोठा शब्द सुचलाच नसावा.

मी मूर्तीकडे बघत राहिले, हाताकडे. मागायचं काही ठरवून आले नव्हते आणि आभार कुठून सुरू करायचे तेही कळेना. स्वयंसेवक “पुढे चला, पुढे चला” म्हणाला. बाळ वेदीपाशी ठेवलं आणि पुढे सरकले.

बाहेर पायऱ्यांवर बसून बूट काढले, आईला फोन लावला.

“बारीक मिळालं?”

“नाही. एकाच साइजची असतात.”

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “असू दे. आता तू पण कुठे बारीक राहिलीस. नऊच्या आत विरार पकड, नंतर चढायला मिळणार नाही. आणि येताना चणे आण, गरम.”