मॅग्नम रायफलचा धक्का आणि माझे मिटणारे डोळे

उजव्या खांद्यावर काळानिळा डाग उठला होता आणि मी तो आरशात निरखत होतो. खरं सांगायचं तर जरा अभिमानच वाटत होता. .३०० विंचेस्टर मॅग्नम, मोठ्या ताकदीच्या काडतुसाची रायफल, नवीकोरी आणली होती, पहिल्याच दिवशी नेमबाजीच्या रेंजवर बेंचला बसून वीस काडतुसांची अख्खी पेटी संपवली होती. पहिल्या पाच गोळ्या शंभर मीटरवर मुठीत मावतील इतक्या जवळ लागल्या. शेवटच्या पाच ताटभर पसरल्या. नळी तापली असेल, असं म्हणून मी विषय मिटवला.

पुढच्या खेपेला नळी थंड होती, तरी ताट तसंच. त्यापुढच्या खेपेला पहिलीच गोळी खाली डावीकडे गेली. त्याआधी कितीतरी वर्षं मी .२२ वर, म्हणजे छोट्या काडतुसाच्या रायफलीवर, नेम धरत आलो होतो आणि नेमबाजी आपल्याला येते असा माझा समज होता. रायफलच सदोष निघाली म्हणावं, तर ओळखीच्या एकांनी ती हातात घेऊन सहज तीन गोळ्या एकाला एक चिकटवून दाखवल्या. मग मला गप्प बसावं लागलं.

माझा स्वभाव हिशेबी. म्हणून आधी कागद-पेन्सिल घेतली. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू जितक्या संवेगाने (वस्तुमान गुणिले वेग) पुढे जातो, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते, त्यात कुणाची सुटका नाही. माझी १८० ग्रेनची गोळी, म्हणजे ११.७ ग्रॅम, सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने निघते. तिच्यामागे साडेचार ग्रॅमहून थोडी जास्त दारू जळते. स्कोपसकट, म्हणजे वरच्या दुर्बिणीसकट, रायफल ३.८ किलोची. गणित केलं तर रायफल सेकंदाला साडेचार मीटरहून जास्त वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा भरते ४० ज्यूलच्या घरात. तेवढ्याच वजनाच्या, पण मध्यम ताकदीच्या .३०८ रायफलीत हाच आकडा जवळपास निम्मा येतो. आणि माझी लाडकी .२२? तिचा धक्का एक ज्यूलसुद्धा नाही. म्हणजे इतकी वर्षं मी जे शिकलो, त्यात धक्का नावाचा धडा नव्हताच.

हिशेबावरून उपाय सुचतातच. पहिला वजनाचा. तोच संवेग जास्त वजनावर वाटला गेला की ऊर्जा त्याच प्रमाणात उतरते. दस्त्याच्या पोकळीत आणि पुढच्या लाकडात मिळून अर्धा किलो शिसं भरलं. धक्का साधारण आठव्या हिश्शाने कमी झाला. वाचायला हे कमी वाटतं, पण खांद्याला फरक कळला. मात्र दिवसभर डोंगर चढताना तोच अर्धा किलो पट्ट्यातून खांद्याला काचायला लागला, तेव्हा निम्मं शिसं परत काढलं. दस्त्यात बसवायच्या पाऱ्याच्या नळ्याही मिळतात. माझ्या मते त्यांचा बराचसा गुण त्यांच्या वजनातच आहे.

दुसरा उपाय दस्त्याच्या टोकाला लावायच्या पॅडचा. रायफलीबरोबर आलेलं रबर बुटाच्या तळव्यासारखं कडक होतं. ते काढून मऊ, आतून पोकळ कप्प्यांचं पॅड लावलं. पॅड ऊर्जा फारशी गिळत नाही, धक्का थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतं. खांद्याला मात्र तेवढंच हवं असतं. इथे एक चूक केली. नवं पॅड जुन्यापेक्षा जाड होतं, त्यामुळे ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी दीड सेंटीमीटरने वाढली. जाड जाकीट घातलं की दस्ता काखेत अडकायचा आणि मग तो खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकायचा. दंडावर बसलेला मॅग्नमचा दणका कसा असतो, ते शब्दात सांगत नाही. शेवटी दस्ता तेवढा कापून घेतला. पॅड बदलणाऱ्याने आधी ही लांबी मोजावी, रबर कुठलं घ्यायचं ते नंतर बघावं.

तिसरा उपाय मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडाला बसवायचा भोकांचा तुकडा, आणि माझी खरी गोष्ट इथूनच सुरू होते. मॅग्नम काडतुसात दारू भरपूर असते आणि तिचा वायू गोळीपेक्षाही वेगाने तोंडातून बाहेर पडतो. एकूण संवेगातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा या वायूचा असतो. ब्रेक तो वायू भोकांतून बाजूला आणि थोडा मागे वळवतो, त्यामुळे मागे येणारी रायफल तितकी कमी ढकलली जाते. बसवला आणि थक्क झालो. रायफल एकदम .३०८ सारखी वागायला लागली, खांदा दुखायचा थांबला.

आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, आणखी फाटला.

मला काही समजेना. धक्का निम्म्यावर आला, मग गोळ्या का पसरताहेत? रेंजवर एक जुने नेमबाज येतात, सगळे त्यांना काका म्हणतात. बोलायला फटकळ. दोन दिवस ते माझ्या मागे उभं राहून नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, तू चाप ओढतोस तेव्हा डोळे मिटतोस."

"नाही हो काका, मला लक्ष्य दिसतं ना."

"दिसतं ते आधी. सुटताना नाही दिसत. रायफल दे इकडे."

त्यांनी माझ्याकडे पाठ करून रायफल भरली आणि परत हातात दिली. नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. टक्. डमी काडतूस होतं, आत दारूच नव्हती. आणि माझी नळी, शंभर मीटरवरच्या लक्ष्यावर स्थिर असलेली माझी नळी, टेबलाकडे गचकन बुडाली. खांदा पुढे उसळला होता, जबडा आवळलेला होता आणि डोळे घट्ट मिटलेले. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. काका हसले नाहीत.

त्या रात्री पुन्हा आकडे मांडले, आणि हे आधीच मांडायला हवे होते. चाप सुटल्यावर गोळी नळीतून बाहेर पडायला जेमतेम काही मिलिसेकंद लागतात. माणूस दचकून डोळे मिटतो त्यालासुद्धा त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि ठरवून केलेली प्रतिक्रिया तर कितीही चपळ असली तरी दीडशे-दोनशे मिलिसेकंदांची. म्हणजे धक्का बसल्यावर मी अंग चोरलं, डोळे मिटले, किंकाळी मारली तरी गोळीला त्याचं काही नाही, ती कधीच गेलेली असते. माझा ग्रुप फाडत होतं ते धक्क्याच्या आधीचं अंग चोरणं. रायफलीवर मी जे काही लावत होतो ते सगळं धक्क्यासाठी होतं, धक्क्याच्या धास्तीसाठी त्यात काहीच नव्हतं.

मग ब्रेक लावल्यावर धास्ती वाढली का? उत्तर काकांनीच दिलं, एका वाक्यात: "खांद्याचं वाचवलंस आणि कानात घातलंस." मॅग्नम रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या वर जातो. कानाला इजा व्हायला क्षणभराचा १४० डेसिबलचा आवाज पुरतो. ब्रेक हाच आवाज बाजूला आणि मागे, थेट नेमबाजाकडे वळवतो. मी स्वस्तातले इअरमफ लावून बसत होतो. त्यातही दस्त्याला गाल लावला की उजवा मफ दस्त्याला घासून किंचित उचलला जायचा आणि फट पडायची. चष्म्याची काडी त्या फटीत भर घालायची. दर गोळीला कानाखाली वाजत होती आणि मला ते खांद्यातलं दुखणं वाटत होतं. दणका आणि आवाज एकाच क्षणी येतात. मेंदू त्यांची वेगळी नोंद ठेवत नसावा, निदान माझा तरी ठेवत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून कानात फोमचे बोळे, पिळून, कान वर ओढून नीट खोल बसवलेले, आणि त्यांच्यावर मफ. त्याच रायफलीचा धक्का मला त्या दिवशी कमी वाटला. स्क्रू एकही हलवला नव्हता. इतक्या खटपटींत सर्वात जास्त गुण याचा आला आणि सर्वात कमी खर्चही याचाच होता, हे लिहिताना अजून चिडायला होतं.

पुढचे तीन महिने रायफलीवर काही नवं चढवलं नाही. घरी रोज पंधरा-वीस वेळा रिकाम्या रायफलीने चाप ओढायचा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि टक् झाल्यावर स्कोपमधली फुली (क्रॉसहेअर) कुठे आहे ते मोठ्याने सांगायचं. रेंजवर आधी .२२ च्या चाळीस गोळ्या, मग मॅग्नमच्या फक्त पाच-सहा, आणि त्यातही मधूनमधून मित्राच्या हातून मला न कळता भरलेलं एखादं डमी. ("टक्" झालं तरी अर्धा मिनिट नळी लक्ष्याकडेच ठेवायची, खरं काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता असते. ही सवय इथेच लागली.) पाच-सहावर थांबणं सर्वात अवघड गेलं. एवढ्या लांब रेंजवर येऊन सहा गोळ्या? पण आठव्या-नवव्या गोळीला अंग चोरणं परत यायचं, आणि तशी मारलेली दर गोळी चूकच पक्की करायची.

बसणंही बदललं. बेंचवर आपण पुढे वाकून बसतो, खांदा टेबल आणि रायफल यांच्यात अडकतो आणि सगळा मार उभ्या भिंतीसारखा घेतो. उभं राहून मारताना तेच अंग कमरेतून मागे डुलतं आणि धक्का ढकलल्यासारखा वाटतो. म्हणून सराव उभ्याने आणि गुडघ्यावर सुरू केला. बेंच फक्त झिरो करायला, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी जुळवायला, तोही उंच टेकू घेऊन, पाठ ताठ ठेवून, दस्ता आणि खांद्याच्या मध्ये वाळूची छोटी पिशवी ठेवून. दस्ता गळ्याच्या हाडाखालच्या खोबणीत, हाडावर नाही. उजव्या हाताने रायफल खांद्यात घट्ट ओढायची. सैल धरली तर तेवढ्या फटीत ती वेग घेते आणि मग आदळते. डावा हात पुढच्या लाकडावर नुसता टेकवायचा नाही, पकडायचा. गाल दस्त्यावर दाबून धरायचा, कारण दूर ठेवलेल्या गालावर दस्ता येऊन थापड मारतो. काही जुन्या रायफलींचा दस्ता मागे खूप खाली उतरलेला असतो. त्या सुटल्यावर वर उसळतात आणि गाल शेकतात. सरळ दस्ता सरळ मागे येतो, तो बरा.

बेंचवर रायफल करकचून पकडणारे वजनदार स्लेडही वापरून पाहिले. खांद्याला काहीच लागत नाही. पण जे खांदा घेत नाही ते कुणीतरी घेतंच, आणि रायफल मागे सरकूच शकली नाही तर ते दस्त्याचं लाकूड आणि स्कोपची बैठक घेते. एकाचा दस्ता मनगटापाशी तडकलेला मी पाहिला आहे. शिवाय त्यावर मारून आपण शिकत काहीच नाही.

भुवईची खूण मात्र माझी मलाच मिळालेली आहे. चढावर, पालथं पडून वरच्या बाजूला नेम धरताना डोळा नकळत स्कोपच्या जवळ जातो. स्कोप नऊ-दहा सेंटीमीटर अंतर मागतो, मी त्याला पाच दिले, आणि धक्क्यासरशी तो भुवईवर आदळला. स्कोप त्यानंतर दोन खाचा पुढे सरकवला.

काडतुसांचंही थोडं. हलकी गोळी घेतली की धक्का फार उतरेल अशी माझी आशा होती. तसा तो फार उतरत नाही, कारण कारखान्याच्या हलक्या गोळीच्या काडतुसात वेग वाढवलेला असतो. खरा फरक पडतो तो मुद्दाम सौम्य भरलेल्या काडतुसांनी. सरावाला ती उत्तम, फक्त झिरो वेगळा येतो, तो लिहून ठेवावा. घरी भरणाऱ्यांनी मात्र मनाने दारू कमी करू नये. काही संथ जळणाऱ्या दारू खूप कमी भरल्या तर दाब उतरण्याऐवजी धोकादायक रीतीने उसळू शकतो. दारू बनवणाऱ्याच्या तक्त्यात सौम्य भार दिला असेल तरच, आणि तेवढाच.

ब्रेक शेवटी काढून ठेवला. सोबत चालणाऱ्या वाटाड्याच्या कानाशी त्याचा आवाज काढणं मला पटेना, आणि रानात दिवसभर कानात बोळे घालून फिरता येत नाही. ब्रेक काढल्यावर धक्का पूर्वीइतकाच झाला असणार, हिशेबात तर तसंच येतं. ग्रुप मुठीतच राहिला.

गेल्या महिन्यात काकांनी त्यांची .३७५ हॉलंड अँड हॉलंड हातात दिली. १९१२ सालचं हे काडतूस, ३०० ग्रेनची गोळी, माझ्या रायफलीहून जड धक्का. तिचा पट्टा अडकवायची कडी पुढच्या लाकडावर नसून नळीवर आहे, म्हणजे धक्क्यात ती डाव्या हाताची बोटं फाडत नाही. असल्या रायफली बनवणाऱ्यांनी किती मार खाल्ला असेल ते तेवढ्यावरून कळतं. काकांनी पाठ करून तीन काडतुसं भरली. पहिली गोळी गेली, मोठ्ठा, लांबलचक ढकला, मी मागे डुललो. दुसरी गेली. तिसऱ्याला टक् झालं.

नळी बुडाली नाही, पण किंचित थरथरली. मी नळी तशीच धरून काकांकडे बघितलं.

"अजून आहे थोडं," ते म्हणाले, आणि अर्ध्या मिनिटाने बोल्ट उघडायला सांगितला.