आजी कधी वारीला गेली नाही

राहुरीत निवृत्तीनाथांची पालखी यायची त्या दिवशी आमच्या आजीचं घरात कुणाशीच पटायचं नाही. पहाटेपासून भांडी बाहेर निघायची, घमेली, बादल्या, आंघोळीचं तांब्याचं घंगाळ, आईची कुकरची भांडीसुद्धा, आणि आता स्वयंपाक कशात करू असं आईने विचारलं की ठरलेलं उत्तर, "एक दिवस उपाशी राहा, मरत नाही कुणी." मग फाटकापाशी तीन दगडांची चूल, त्यावर पाणी, पाण्यात मूठभर मीठ, आणि येईल त्या वारकऱ्याला दटावून खाली बसवायचं. आधी पाय बुडवा, चहा नंतर. म्हातारे लोक संकोचायचे, माउली राहू द्या म्हणायचे, तर ही वर म्हणायची की मी काय तुमच्या पाया पडतेय का, पाय बुडवा म्हणतेय, मागं रांग आहे.

आणि ही बाई रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. तिच्या उभ्या आयुष्यात चुकलेल्या उपासना बोटावर मोजता आल्या असत्या आणि त्यातल्या निम्म्या बाळंतपणांमुळे चुकलेल्या.

एक नवे पाळक आले होते, तरुण, त्यांना हे पालखीचं प्रकरण पसंत नव्हतं. कंपाउंडच्या दारात हे बरं दिसत नाही, लोकांच्या मनात गोंधळ होतो वगैरे समजवायला आले. आजी चुलीत लाकूड सारत होती. तिने मानही वर न करता सांगितलं, "टिळक राहून गेलेत राहुरीला, त्यांना चालायचं. ते घमेलं जरा इकडं सरकवा." रेव्हरंड टिळक, म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, १९१९ ला गेले, आजीचा जन्म १९२९ चा, पण बोलायची अशी की जणू रोज संध्याकाळी ते हिच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचे. पाळकांनी घमेलं सरकवलं. पुढच्या वर्षी ते आपणहून आले, बाही दुमडून.

आजी गेल्या नाताळच्या आधी गेली. पंचाण्णव पूर्ण झालेली, डोळे गेलेले, कान मात्र नको तितके शाबूत. मी वारीला का गेले हे मला अजून नीट सांगता येत नाही. नवस नव्हता, श्रद्धेबद्दल मला विचारूच नका, त्या बाबतीत मी दोन्हीकडची नापास आहे. फाटकापाशी यंदा चूल पेटणार नव्हती आणि मला तिथं उभं राहून दिंड्या जाताना बघायचं नव्हतं, एवढंच खरं. एका ओळखीच्यांच्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे, भरली, सामान ट्रकमध्ये टाकलं, पिशवीत आजीचे टाळ घेतले आणि निघाले.

टाळांचं सांगते. आमच्याकडे चर्चमध्ये पेटी, तबला, टाळ सगळं चालतं, टिळकांचे अभंग तर टाळाशिवाय उभेच राहत नाहीत, आणि आजी टाळाला पक्की होती. पेटीवाला पळायला लागला की टाळानेच त्याला ओढून जागेवर आणायची. तिच्या टाळांची दोरी केव्हातरी तुटली तेव्हा तिने त्यात परकराची नाडी ओवली होती, मळून काळी झालेली, गाठीवर गाठ. ती नाडी मी तशीच ठेवली होती.

डोंगरगण, नगर, साकत, हे सगळं माझ्या डोक्यात आता एकात एक मिसळलंय. नगरात ह्यूम चर्चला जाऊन यायचं ठरवलं होतं, आजी नगरच्या मिशन बोर्डिंगात चौथी शिकली होती ना, पण पाय एवढे सुजले होते की मुक्कामाच्या शाळेत व्हरांड्यात आडवी झाले ती थेट काकड्यालाच उठले.

लोक वारीबद्दल फार गोड लिहितात. रात्री अडीचला टॉर्च घेऊन शेतात आडोसा शोधत फिरणाऱ्या बायकांबद्दल कुणी लिहीत नाही. टँकरपाशी अंगावर ओल्या साडीने उभ्या असलेल्या बाईचा फोटो काढणाऱ्या पोरांबद्दल नाही. फराळवाटपाचा बॅनर आधी आणि फराळ मागनं. पत्रावळ्यांनी भरलेले चर. पहिल्या तीन-चार दिवसांत मी इतकी चिडलेली असायचे की हरिपाठ चालू असताना मनात तक्रारींची यादी करायचे. आणि मग एकदम, काही कारण नसताना, सकाळी सातच्या सुमाराला अख्खी दिंडी एका लयीत पडते, निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई, पायाखाली रस्ता आहे की नाही ते कळत नाही, आणि आपण रडतोय हे शेजारणीने पदर पुढे केल्यावर समजतं. दहा मिनिटांनी परत कुणीतरी मध्ये घुसतं आणि परत डोकं फिरतं.

आमच्या तंबूत सिन्नरकडच्या एक मावशी होत्या. सत्तरीच्या असतील. त्यांच्याशी माझं पहिल्या रात्रीपासून बिनसलं, म्हणजे माझ्या बाजूने, त्यांना पत्ताही नव्हता. घोरायच्या, माझ्या उशाशी त्यांची पिशवी, पिशवीत मिसरी, आणि रोज रात्री अंधारात कुणाला तरी फोन लावून म्हशीने दूध किती दिलं ते ओरडून विचारायच्या.

घोगरगावच्या अलीकडे, सोलापूर रस्त्यावर, दुपारी माझे पाय गेले. पाऊस नव्हता. ढग यायचे, सावली दाखवायचे आणि निघून जायचे. डांबर चपलेला चिकटत होतं, शेजारनं ट्रक असा जायचा की फेट्याचे शेमले उडायचे. माझे बूट भारीतले, खास वारीसाठी घेतलेले, आणि उजव्या टाचेला फोड आलाय हे मला सकाळीच कळलं होतं पण विसाव्याला बघू म्हणत चालत राहिले. विसावा आला तोवर मोजा आत चिकटला होता. दिंडी पुढं गेली. मी एका बाभळीखाली बसले, बूट काढायची हिंमत होईना, आणि तेवढ्यात या मावशी मागनं आल्या, हातात तुळस नाही काही नाही, रबरी चपला फटक फटक वाजवत.

थांबल्या. माझ्याकडे बघितलं. म्हणल्या, "काढ."

मी म्हटलं, मावशी तुम्ही चला, मी येते मागनं, ॲम्ब्युलन्स येईलच.

"येईल तवा येईल. काढ म्हणते ना."

मोजा पाण्याने भिजवून, एकेक धागा सोडवल्यासारखा त्यांनी ओढला. टाचेवर लिंबाएवढा फोड, आत पाणी डुचमळतंय, आणि करंगळीखाली अजून एक, फुटलेला. मावशींनी पोलक्याच्या आतून एक सुई काढली. सुईत काळा दोरा ओवलेलाच होता, म्हणजे मी काही त्या दिवसातली पहिली नव्हते. काडी पेटवून सुई लाल केली, पदराने पुसली. मी पाय मागं घेतला तर त्यांनी घोटा असा धरला की हलता येईना, म्हशीचा पाय धरायची सवय असणार. फोडाच्या कडेला, अगदी खालच्या अंगाला सुई घातली, पलीकडनं काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूंना बोटभर सोडून तोडला. दुखलं नाही. खरंच नाही. पाणी दोऱ्यावरनं थेंब थेंब उतरायला लागलं आणि टाच हळूहळू सपाट झाली. "कातडं सोलायचं न्हाई. दोरा आपसूक गळंल." फुटलेल्या फोडावर खोबरेल तेलात कालवलेली हळद, वरनं जुन्या लुगड्याची चिंधी. माझे बूट त्यांनी नाड्या बांधून माझ्याच गळ्यात अडकवले आणि पिशवीतनं दुसरा रबरी चपलांचा जोड काढला, माझ्या पायाला एक बोट लहान होता.

आजी असती तर कडाक्याचं भांडण झालं असतं दोघींचं. तिचा फक्त मिठाच्या पाण्यावर विश्वास. दोराबिरा ऐकून तिने मावशींना सेप्टिकची अशी गोष्ट सांगितली असती की मावशींनी सुई टाकून दिली असती, किंवा नसतीही.

वाकून पट्टी बघताना माझ्या गळ्यातला क्रूस बाहेर आला. मावशींनी तो दोन बोटांत धरून बघितला.

"किरिस्ताव का?"

"हो."

"आमच्या थोरल्याचं दुकान हाय नाशकात, शरणपूर रोडला. तिथं लई हायेत तुमच्यातले." मग थोडं थांबून, "उधारी बुडवत न्हाईत."

एवढ्यावर तो विषय संपला. पुन्हा कधी निघाला नाही. त्या रात्री त्या घोरल्या तेव्हाही मला झोप लागली नाहीच, उगाच खोटं का सांगू.

चालताना आजीचं काय काय आठवत राहायचं आणि तेही संगती लावून नाही. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, १९६९ ला अचानक गेले, पदरात पाच पोरं. बहात्तरच्या दुष्काळात दिवसा सुकडीच्या कढईपाशी आणि रात्री शिलाई मशीनवर. पाचही पोरांना मॅट्रिकच्या पुढं नेलं आणि पाचही जणांना आपलं कसं चुकलं हे मरेपर्यंत ऐकवलं. १९७० साली वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकत्र होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली तरी तिच्यासाठी ते मिशनच. सुगीच्या उपासनेनंतर चर्चमध्ये लिलाव असतो, कुणी कोंबडी देतं कुणी भाजी, तर ही स्वतःच्या परसातला भोपळा द्यायची आणि लिलावात स्वतःच चढ्या बोलीने परत घ्यायची, कारण दुसऱ्या कुणी तो कमी भावात नेलेला तिला सहन व्हायचं नाही. मायाळू वगैरे नव्हती. जवळ घेऊन मुका घेतल्याचं मला एकदाही आठवत नाही. पण परीक्षेच्या दिवशी पहाटे जाग आली की अंधारात गुडघ्यांवर बसलेली दिसायची आणि नातवंडांची नावं एका सुरात घेत असायची, वयाने नाही, गरजेप्रमाणे. ज्याचं वाईट चाललंय तो पहिला. आम्ही कान देऊन आपला नंबर बघायचो.

मिरजगावच्या पुढे कुठेतरी टाळांचं प्रकरण झालं. दिंडीतल्या एका टाळकरी काकांना नाद फार आवडला होता, जुनं कासं आहे म्हणाले, हातात घेऊन वाजवून बघायचे. एका रात्री मी झोपले असताना त्यांनी ती नाडी काढून नवी सुताची दोरी घातली, सुरेख गोंडे लावून, आणि सकाळी कौतुकाने माझ्या हातात दिले. मी विचारलं, जुनी कुठंय. म्हणाले टाकली, कुजली होती माउली. मी त्यांच्यावर एवढी ओरडले की विणेकरी महाराज मागे वळून बघायला लागले. काका बिचारे गोंधळून गेले, हात जोडले, मी तरीही बोलत राहिले. नंतर तंबू सुटल्यावर त्या जागेवर जाऊन बघून आले, मातीत ती कुठं दिसणार. माणूस चांगला, हेतू चांगला, सगळं मान्य, माझा राग गेलेला नाही. नवी दोरी बोटांत बसते मात्र छान.

करमाळा तालुका, करकंब, वाखरीला सगळ्या पालख्यांची गर्दी. पंढरपुरात शिरताना लोक लोळत होते, मला फक्त चपला काढून कुठं तरी पाय वर करून बसायचं होतं. पददर्शनाची रांग बघूनच सोडून दिली, मुखदर्शन घेतलं, दोन सेकंद मिळाले असतील, त्यात पुढच्याचा फेटा आडवा.

पण चोखोबांच्या समाधीपाशी मी बराच वेळ उभी होते. आमचे पूर्वज कोण हे मी लिहायला नको, नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत विचाराल तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं. नामदेव पायरीसमोरचीच ती जागा, आणि साने गुरुजींचं उपोषण होऊन दार उघडलं ते १९४७ मध्ये. आजी तेव्हा अठरा वर्षांची. तिने सांगितलेलं, शेंगा फोडता फोडता, की बातमी आली तेव्हा तिचा बाप मोट ओढायचं चऱ्हाट वळत होता. कुणीतरी म्हणालं, पंढरपूर खुलं झालं, चला आता. तो म्हणाला, आम्ही वाट बघून कधीच उठलो. आणि परत चऱ्हाट वळायला लागला. आजीला मी विचारलं होतं, मग तू पालखीला पाणी का तापवतेस? तिने शेंगेतला कुजका दाणा बाजूला टाकला आणि म्हणाली, "त्यांनी थोडंच दार लावलं होतं? ते बिचारे चालतायत." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. समाधीपाशी उभं राहूनही पूर्ण पटलं असं नाही. दार लावणाऱ्यांचेही पाय तिने धुतले असणार, एवढ्या वर्षांत, रांगेत कोण कोण बसलं असेल. तिला ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मागून एक बाई म्हणाली, ताई सरका, आम्हाला पण डोकं टेकवायचंय, तेव्हा सरकले.

एसटी स्टँडवर धाकट्या काकांचा फोन. काका चर्चच्या कमिटीवर आहेत, मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. रविवारच्या उपासना बुडवल्यास, लोक विचारतात, आईच्या स्मरणाची उपासना येत्या रविवारी ठेवलीय तेव्हा तरी येणार आहेस का, असं सगळं एका दमात बोलून झालं. मी हो म्हटलं. मग बराच वेळ नुसताच स्टँडचा भोंगा ऐकू येत होता दोन्हीकडे.

"पाय कसे आहेत?"

"बरे आहेत."

"बरं ऐक. येताना तिथले चुरमुरे आण. दोन किलो आण, सगळ्यांना पुरले पाहिजेत. बत्तासे नकोत, विरघळतात."