ॲलेगेनीच्या जंगलात हरणांचा माग: ॲप, कॅमेरे आणि भरपूर पायपीट

पिट्सबर्गहून मॅरियनव्हिल साधारण दोन-अडीच तास. पेनसिल्व्हेनियातलं एकमेव नॅशनल फॉरेस्ट, ॲलेगेनी, तिथेच आहे. ५ लाख एकरांहून जास्त पसारा, आणि लायसन्स असेल तर कुणाच्या ओळखीपाळखीशिवाय जाऊन शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच बंद, त्यामुळे आमच्या घरी अजून कुणाला हे पटलेलं नाहीये, ते असो. मी कंपाऊंड बो (कप्प्या लावलेलं धनुष्य) वापरतो. (व्हिसावर असाल तर बंदुकीचे फेडरल नियम वेगळे आहेत, आधी नीट वाचा मग खरेदी करा.)

मी आणि एक मित्र एप्रिलमध्ये टेहळणीला गेलो. शिकारीचा सीझन ऑक्टोबरच्या आसपास मग एप्रिलमध्ये कशाला असं सगळे विचारतात. बर्फ गेलेलं असतं, पालवी फुटलेली नसते, त्यामुळे हरणांच्या वाटा स्पष्ट दिसतात, नरांनी मागच्या हिवाळ्याआधी शिंगं घासून सोललेली झाडं दिसतात, आणि तुमच्या येण्याजाण्याने हरणं बिथरली तरी सीझनपर्यंत विसरून जातात. सह्याद्रीत ढोरवाटा आणि माणसांच्या वाटा ओळखायची सवय असेल तर इथे फार उपयोग होतो.

आता शिकाऱ्यांची नकाशाची ॲप. मी ऑनएक्स वापरतो, मित्र हंटस्टँड. दोन्हीत सरकारी आणि खाजगी जमिनीची हद्द दिसते आणि पैसे त्यासाठीच द्यायचे, कारण या जंगलात मधे मधे खाजगी तुकडे आहेत. घरी बसून आम्ही खिंडी, सोंडा, ओढ्यांचे संगम, झाडतोड झालेले पट्टे असं सगळं मार्क केलं होतं. पण तोच नकाशा बाकीच्या हजारो लोकांकडेपण आहे ना! सगळ्यात देखणी खिंड होती तिथे पोचलो तर आधीच कुणाचा तरी ट्री स्टँडचा (झाडाला बांधायच्या मचाणाचा) जुना पट्टा झाडाला लटकत होता. म्हणून माझं मत असं झालंय की ॲपवर हरणं शोधू नका, माणसं शोधा. पार्किंगच्या जागा, गेट लावलेले रस्ते, ट्रेल हे आधी रंगवा आणि उरतं काय ते बघा.

इथे एक भानगड आहे. या जंगलात जमीन सरकारची पण खालचं तेल आणि गॅस बहुतांशी खाजगी मालकीचं, त्यामुळे विहिरींकडे जाणारे कच्चे रस्ते सगळीकडे. नकाशावर जी जागा एकदम दुर्गम वाटते तिथे लोक या रस्त्यांनी आरामात चालत जातात. उलट मेन रोडपासून अगदी जवळ, पण मधे दलदलीचा ओढा आणि पडलेली झाडं, अशा एका पट्ट्यात आम्हाला सगळ्यात ताज्या खुणा मिळाल्या. बूट भिजवायला कुणी तयार नसतं एवढंच त्याचं रहस्य.

सॅटेलाइटवर अजून एक फसवणूक म्हणजे हिरवागार मोकळा भाग. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा नुसतं नेचं असतं. वर्षानुवर्षं हरणांनी कोवळी रोपं खाऊन खाऊन खाली नेचंच उरलंय आणि ते त्यांना खायला नको असतं. त्याउलट तोडीनंतर जिथे हरणं येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण घातलेलं होतं आणि नंतर ते काढलंय, तिथे आत इतकी दाट झाडी वाढलेली असते की हरणं दिवसभर बसायला तिथेच जातात. त्याच्या कडेकडेने चाला.

ट्रेल कॅमेरे, म्हणजे झाडाला बांधायचे आणि समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे, थोडेच लावा. आम्ही साधे एसडी कार्डवाले लावले, कारण बऱ्याच भागात मोबाईलला रेंजच नाही, फोटो थेट फोनवर पाठवणाऱ्या सेल्युलर कॅमेऱ्याचा प्लॅन घेऊन काय करणार. तोंड उत्तरेला ठेवा नाहीतर ऊन सेन्सरवर येऊन शेकडो रिकामे फोटो निघतात. वाटेला आडवा न लावता तिरका लावा, म्हणजे हरीण फ्रेममध्ये जास्त वेळ राहतं. समोरचं नेचं आणि फांद्या बाजूला करा. शक्यतो डोक्याच्या वर, खाली झुकवून, चोरी कमी होते, पण अस्वलांना उंचीने काही फरक पडत नाही, ती उभी राहून चावतात. लिथियम बॅटऱ्याच घ्या. नो-ग्लो फ्लॅश असेल तर रात्री माणसाला दिसत नाही, सरकारी जमिनीवर हे महत्त्वाचं.

ऑगस्टच्या शेवटी कार्डं काढली. अस्वल, रॅकून, साळिंदर, माद्या आणि पाडसं, आणि एक मस्त नर, पण जवळजवळ सगळे फोटो मध्यरात्रीचे. यावर फार हुरळू नका, उन्हाळ्यात नर कळपाने फिरतात आणि सप्टेंबरनंतर ते कळप फुटतात, बरेच जागा बदलतात. रात्रीचा फोटो एवढंच सांगतो की तो तिथून जातो. दिवसा कुठे बसतो ते वारा कुठून येतो आणि दाट झाडी कुठे आहे यावरून पायी जाऊनच काढावं लागतं.

नियम प्रत्येक राज्यात वेगळे, हे फार लोक विसरतात. ॲरिझोनात २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यावर बंदी आहे, कॅन्ससने २०२३ मध्ये स्वतःच्या वन्यजीव खात्याच्या जमिनींवर बंदी घातली. पेनसिल्व्हेनियात कॅमेरा चालतो पण या भागात मका किंवा मीठ टाकून हरीण बोलावणं बेकायदेशीर, आणि आधी टाकलेलं असलं तर ते उचलूनही ३० दिवस त्या जागी शिकार करता येत नाही. म्हणजे दुसऱ्या कुणी टाकलेलं दिसलं तरी तिथून लांब व्हा.

नकाशे घरूनच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. गोचीड एप्रिलपासूनच असतात आणि ते चावून होणारा लाइमचा आजार इथे कॉमन आहे, तेव्हा कपड्यांना आदल्या दिवशी परमेथ्रिन (कीटकनाशक) मारा, पँट मोज्यात खोचा, परत आल्यावर काखा-गुडघ्यामागे बघा. आणि गाडी गेटसमोर लावू नका, गेट बंद दिसलं तरी तेलवाल्यांचे ट्रक कधीही येतात.