नागपूरचा मे महिना आणि फाटलेलं बटरक्रीम

बटर आणि साखर फेटून केकवर लावायला जे बटरक्रीम करतात, त्याच्या जवळपास प्रत्येक रेसिपीत सुरुवातीलाच फर्मान असतं: बटर रूम टेंपरेचरला आणा. रूम कुठल्या गावची, ते कोणी लिहीत नाही. फेटायला बटर साधारण १८ ते २१ अंशांवर हवं असतं. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे, पण बोट तेलकट व्हायला नको. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४ अंश, आणि कुलर दिवसभर घरघरत असला तरी स्वयंपाकघर काही तिशीच्या खाली उतरत नाही. ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान तर बटर वितळूनच जातं. लेकीचा वाढदिवस मात्र नेमका मे महिन्यातच येतो, आणि तिला यंदा विकतचा केक नको होता.

केकबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आदल्या रात्री केला, चांगला फुगला, पूर्ण गार झाल्यावर गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला. तसा ठेवल्याने सकाळी तो कापताना भुगाही कमी पडला.

खरी कटकट क्रीमची. २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ४०० ग्रॅम आयसिंग शुगर, थोडा व्हॅनिला. बटर फेटून फिकं झालं तोवर ठीक होतं. साखर पडली, बीटर गरम झाला, खोली गरम होतीच. क्रीम चकाकायला लागलं आणि ढिलं पडलं. मोठ्या जाऊबाईंना फोन लावला. त्या केकच्या ऑर्डरी घेतात. म्हणाल्या, "अगं, फ्रिजमध्ये ठेव ना थोडा वेळ." ठेवलं. बाहेर काढून चमचाभर दूध घालून फेटलं, तर दाणे दाणे आणि तळाशी पाणी. परत फोन. "फ्रिजमध्ये ठेव." ठेवलं, अजून बिघडलं. इंटरनेटवर शोधलं तर तिथेही बहुतेकांचा सल्ला तोच. कोणी सुचवत होतं, अजून साखर घाला. ती घातली असती तर क्रीम फाटलेलंच राहिलं असतं, वर गोडमिट्ट झालं असतं.

शेवटी आईने विचारलं, "भांडं गार लागतंय का गरम?" हात लावून पाहिला, तर चांगलंच गार. ती म्हणाली, "मग त्याला ऊब दे. थंडीत लोणी येईना की आपण ताकात कोमट पाणी घालतो, आणि उन्हाळ्यात बर्फ. बर्फ नेहमीच घालायचा नसतो." इतकी सरळ गोष्ट, पण एकाही रेसिपीत सापडली नव्हती.

क्रीम दोन प्रकारे बिघडतं आणि दोन्हींचा इलाज एकमेकांच्या उलट आहे. बटरमध्ये जवळपास ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. स्निग्धांश मऊ असेल तर ते पाणी, वर घातलेलं दूधही, तो धरून ठेवतो. फार गार झाला की कडक होतो, पाणी सुटतं, कण दिसतात. आधीच गार असलेल्या क्रीममध्ये फ्रिजमधलं दूध पडलं की हे हमखास होतं. फार गरम झाला तर क्रीम चमकतं, बीटरच्या रेघा टिकत नाहीत, कडेला तेल दिसतं. म्हणून काहीही करण्याआधी भांड्याला बाहेरून हात लावा.

गार असेल तर पाव भाग क्रीम वाटीत काढा, वाटी कोमट पाण्यात धरा, जेमतेम पातळ होऊ द्या आणि बीटर चालू ठेवून बाकीच्यात धारेने सोडा. मी हेच केलं. मिनिटभर काहीच घडलं नाही, मग एकदम सगळं एकजीव झालं. मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले.

गरम असेल तर फ्रिज चालतो, पण दहा-दहा मिनिटांनी काढून कडा खरवडायच्या, कारण कडेचं आधी घट्ट होतं आणि मधलं तसंच राहतं. त्यापेक्षा बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून फेटणं बरं, डोळ्यांसमोर होतं.

पुढचं सगळं मी एसीच्या खोलीत, कपाटाशेजारच्या टेबलावर केलं. कुलरसमोर करू नका. त्याची हवा दमट असते. आयसिंग शुगर ओल धरते आणि क्रीमवर वरून जी पातळ कोरडी पापडी धरायला हवी, ती येत नाही. केकवर आधी क्रीमचा पातळ थर देऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे केकचा भुगा त्यातच अडकतो आणि वरचा थर स्वच्छ येतो.

हो, साखर. मिक्सरमध्ये घरी दळलेली साखर कितीही चाळली तरी दाताखाली येते. विकतचीच आणा, आणि तीही चाळून घ्या, नाहीतर नोझलमध्ये, म्हणजे क्रीमची फुलं काढायच्या टोकात, गुठळी अडकते. घरचं लोणी वापरायचा मोह मलाही झाला होता. त्यात ताकाचा अंश किती उरला आहे कळत नाही, म्हणून नको. मीठवालं पिवळं बटर तर अजिबात नको, साखरेतही ते खारट लागतं.

लेकीला निळा केक हवा होता. बटर मुळात पिवळसर, त्यामुळे निळा रंग हिरव्याकडे झुकतो. काडीच्या टोकावर येईल इतकाच जांभळा घातला की पिवळेपणा मरतो. रंग जेलचाच घ्या. पातळ रंग जास्त ओतावा लागतो आणि तेवढं पाणी क्रीमला झेपत नाही. थोडा फिका असतानाच थांबा, ठेवल्यावर तो गडद होतो. फेटून झाल्यावर अगदी कमी वेगात दोन मिनिटं फिरवलं तर बुडबुडेही जातात. नोझल लावलेल्या पिशवीत, म्हणजे पायपिंग बॅगमध्ये, क्रीम थोडंथोडंच भरा, तळहाताच्या उबेनेही फुलांच्या पाकळ्या लोळतात.

संध्याकाळी केक फ्रिजमधून काढला तो डब्यातच झाकून ठेवला. उघडा काढला असता तर बाहेरचा ओलावा त्यावर जमून रंग ओघळला असता. साधारण वीस मिनिटांत क्रीम खाण्याइतकं मऊ झालं. हिवाळ्यात जास्त वेळ लागेल. जाऊबाईंनी कड निरखून पाहिली आणि विचारलं, "कुठून आणलास गं?" मी सावकाश दुसरा तुकडा कापून त्यांच्या ताटलीत ठेवला, मगच उत्तर दिलं.

उरलेलं क्रीम घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजरमध्ये आहे. वापरायच्या आदल्या रात्री ते खाली फ्रिजमध्ये उतरवायचं, मऊ झालं की पुन्हा फेटायचं, आणि दाणे दिसले तर पाव भाग वाटीत काढून कोमट पाण्यात धरायचा.