काट्यावरचे १९० किलो : आमची वाटचाल

आम्ही ट्रकने किमती माल वाहून नेतो, पण आमच्या गाड्यांवर आमचं नाव नाही. रंग पांढरा, मागे ना घोषणा, ना फोन नंबर. नवीन माणूस हमखास विचारतो, अहो, जाहिरात नको का? पाच हजार मोबाइल भरलेल्या गाडीची जाहिरात कोणासाठी करायची, हे त्याला सांगेपर्यंत तो दुसऱ्याच विषयावर गेलेला असतो.

कंपनी काढण्याआधी नऊ वर्षं मी स्वतः स्टिअरिंगवर होतो. पहिली गाडी मामांच्या आणि माझ्या साठवणीतून आली, निम्मी त्यांची, निम्मी माझी. मामा म्हणजे नात्याने कोणी नव्हेत, सगळा यार्ड त्यांना मामाच म्हणतो. सुरुवातीला सिमेंट, सळई, पोती असं मिळेल ते ओढलं. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भाडं यायचं, टायर खायचे, संपलं.

पहिला किमती माल भरला तेव्हा मला गाडीच अनोळखी वाटली. सिमेंटची गाडी भरली की रस्त्याला चिकटून चालते. मोबाइलची गाडी काठोकाठ भरली तरी रिकाम्यासारखी उड्या मारते, कारण जागा संपते पण वजन भरत नाही. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, ताठ राहतात, प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो आणि प्रत्येक दणक्याला मागे काय हललं असेल हे डोक्यात सुरू होतं. भाडं ठरतं वजनावर आणि किलोमीटरवर, धोका मात्र ठरतो किमतीवर. युरोपातल्या रस्त्यावरच्या मालवाहतुकीसाठीच्या सीएमआर करारातसुद्धा वाहतूकदाराच्या भरपाईची मर्यादा किलोमागे ८.३३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) अशी वजनातच मोजली आहे. एका मोबाइलचं वजन किती आणि त्याची किंमत किती, हा हिशेब वाचणाऱ्याने स्वतःच करावा.

आणि ड्रायव्हरचं काय होतं, तेही सांगतो, कारण कंत्राटात त्याला रकाना नसतो. भरल्यानंतरचे पहिले काही तास गाडी थांबवायची नाही, कारण पाळत ठेवणारा गोदामाच्या दारापासूनच मागे लागतो. म्हणून माणूस भरायच्या आधीपासून पाणी कमी पितो. वर्षानुवर्षं असं केलं की मूतखडा होऊ शकतो. आमच्याकडे तिघांना झाला. दोन ड्रायव्हर म्हणजे आराम, असं बाहेरच्यांना वाटतं. चालत्या गाडीच्या बर्थवर जी लागते तिला झोप म्हणत नाहीत. सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखा वागतो, हे प्रयोगात मोजलेलं आहे. पण ‘थोडं पुढे जाऊन झोपू’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय त्याची मोजदाद नाही. थांब्यावर दुसरा ड्रायव्हर सहज विचारतो, काय भरलंय? मामांचं उत्तर ठरलेलं, “रिकामी खोकी.” चांगल्या माणसाशीही खोटं बोलावं लागतं, मग हळूहळू बोलणंच कमी होतं. त्यात कंट्रोल रूमचा फोन : दहा मिनिटं का थांबलात, डावीकडे का वळलात. पाळत चोराचीही आणि मालकाचीही, आणि माल कमी निघाला की पहिला संशय ज्याच्यावर येतो तो मधे बसून गाडी चालवत असतो.

साधनांबद्दल थोडं. बोल्ट सील, म्हणजे डब्याच्या दाराला लावायची, कापल्याशिवाय न निघणारी नंबराची खीळ, आम्ही आयएसओ १७७१२ या मानकाचं, एच (उच्च सुरक्षा) शिक्का असलेलंच वापरतो. ते ओढून तोडायचं तर साधारण टनभर जोर लागतो, हे खरं. पण मोठा बोल्ट कटर त्याला क्षणात कापतो, हेही खरं. सील हे कुलूप नव्हेच, ती साक्ष आहे. नंबर वाचायचा, बिल्टीवरच्या (मालासोबतच्या वाहतूक पावतीवरच्या) नंबराशी जुळवायचा, खाली ओढायचं, पिळून बघायचं. आणि नुसत्या सीलवर भाळू नये. दाराच्या हँडलचं रिव्हेट काढून, सीलला हात न लावता दार उघडतात आणि नवं रिव्हेट मारून वर रंगही फासतात. म्हणून मामा रिव्हेटवर नखाने खरवडून बघतात, जुना रंग पापुद्रा देतो, नवा चिकटतो. बिजागऱ्यांच्या बोल्टचंही तेच. त्यांच्याकडे लाकडी दांड्याची एक छोटी हातोडी आहे, तिने ते डब्याच्या भिंती, छत, तळ ठोकून आवाज ऐकतात. जीपीएस आहेच, पण वीस हजार किलोमीटर वरून येणारा सिग्नल किती क्षीण असतो ते एखादा स्वस्त जॅमर, म्हणजे सिग्नल दाबणारं यंत्र, भेटला की कळतं. तेव्हा स्क्रीनवरची गाडी गायब होते आणि रस्त्यावरच्या गाडीत दोन माणसंच उरतात. किमती मालाच्या वाहतुकीसाठी नियम करणारी टापा नावाची संघटना १९९७ पासून आहे. तिचे ट्रकसाठीचे नियम आम्ही बऱ्याच उशिरा वाचले. निम्मे मामा आधीपासून पाळत होते.

मामांचा एक नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. माल भरायच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि पोच मिळेपर्यंत पंपावर जायचं नाही. पंपावर थांबणं टळावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. तो पुढे कशाला उपयोगी पडेल हे तेव्हा मामांनाही ठाऊक नव्हतं.

चौथ्या वर्षी आमच्याकडे पाच गाड्या होत्या आणि एक मोठी पार्टी, म्हणजे माल देणारं गिऱ्हाईक. नाव लिहीत नाही. एका खेपेत ९१० किलोमीटर जाऊन मामा आणि एक तरुण ड्रायव्हर पोचले. गेटवर काटा झाला, म्हणजे गाडीचं वजन झालं, सील शाबूत असा शेरा पडला, गाडी आत लागली, रिकामी होऊन बाहेर आली. संध्याकाळी फोन आला : २४ खोकी कमी आहेत.

खोक्याचं वजन साधारण ८ किलो. चोवीस आठे एकशे ब्याण्णव. आणि भरल्यावरच्या काट्यापेक्षा पोचल्यावरचा काटा किती कमी? बरोबर १९० किलो. मोठ्या काट्याची घरं दहा-दहा किलोंची असतात, त्यामुळे हे तंतोतंत जुळतंय असं त्यांनी ठरवलं. पुरावा म्हणून दोन्ही पावत्या एका कागदावर चिकटवून मला पाठवल्या, खाली लाल रेघ मारून.

दोघांना तीन दिवस चौकशीला बसवलं. मी बाहेर बाकावर. लिहायला लाज वाटते, पण पहिल्या रात्री मलाही वाटलं, मामांनी तर नसेल ना... ज्या माणसाच्या पैशांवर निम्मी गाडी आली त्याच्याबद्दल. त्यांना ते कळलं असणार. कधी बोलून दाखवलं नाही.

चौथ्या दिवशी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं ते एवढंच, “पोच मिळाल्यावर टाकी किती लागली, पावती बघितलीस का?” पावती कॅबिनमध्येच होती. २२८ लिटर. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं. करा गुणाकार : १८९ किलो. दोघेही ड्रायव्हर दोन्ही काट्यांना कॅबिनमध्येच बसलेले होते, तेही गेटच्या नोंदीत होतं. म्हणजे वाटेत घटलेलं सगळं वजन इंजिनाने जाळलेलं डिझेल होतं. खोकी वाटेत गेली असती तर घट जवळजवळ दुप्पट दिसली असती. ती एक तर चढलीच नव्हती, नाहीतर गेटच्या आत उतरल्यावर पाय फुटले होते. दोन्ही वेळेला माल आमच्या ताब्यात नव्हता.

विमा कंपनीच्या सर्व्हेयरला हे पंधरा मिनिटांत पटलं. पार्टीला पटायला सात महिने लागले. तेवढे दिवस त्या एका खेपेचीच नव्हे, आमची सगळीच बिलं अडवून ठेवली. दोन गाड्या विकाव्या लागल्या, त्यातली एक मामांची आणि माझी पहिली. शेवटी एका ओळीचं पत्र आलं : तफावत अंतर्गत नोंदींमध्ये आढळली असून बिले मंजूर करण्यात येत आहेत. कोणाच्या नोंदी, कुठे, ते नाही. माफीचा शब्दही नाही. तरुण ड्रायव्हरने धंदाच सोडला. मी पत्र दाखवायला त्याच्या घरी गेलो, त्याने वाचलं आणि परत दिलं.

त्या सात महिन्यांत आमचा रूट कोणी उचलला तेही सांगायला हवं. आमच्याच यार्डाशेजारी उभा राहणारा एक वाहतूकदार. भाडं आमच्याहून बरंच कमी लावलं. कसं परवडलं? दोन ड्रायव्हरांच्या रकान्यात दोन नावं, दोन लायसन्सच्या प्रती, गाडीत माणूस एकच. दुसरा फक्त कागदावर. एकट्याने रात्रभर हाकायचं, पहाटे तीनला डोळा लागायचा, आणि ठरलेल्या ठिकाणी थांबायचं नाही म्हणून कुठेतरी अंधारात थांबायचं. मी हे पार्टीला लेखी कळवलं. उत्तर आलं की आपल्या स्पर्धकांविषयी टिप्पणी करू नये. नसेल करायची. पण कमी भाड्याचं कोटेशन हातात पडलं की दुसऱ्या ड्रायव्हरला फोन लावून तो आत्ता कुठे आहे हे विचारायला किती वेळ लागतो?

आम्ही टिकलो ते ताईंमुळे. त्या प्रयोगशाळेत लागणारी मोजमापाची यंत्रं बनवतात, वर्षाला मोजकीच. एक पेटी आमच्या गाडीपेक्षा महाग. त्यांच्या पेटीवर धक्का मोजणारं स्टिकर असतं, आपटली की लाल होतं. बोभाटा झाला तेव्हा बाकीच्या दोन पार्ट्यांनी फोन घेणं बंद केलं. ताई मात्र स्वतः यार्डात आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मामांना म्हणाल्या, “पुढची पेटी तुम्हीच न्यायची. विमा पैसे देतो हो, पेटी करायला गेलेलं वर्ष नाही देत.” भाडंही आगाऊ दिलं. त्यांच्यासाठी आम्ही पुढे एका गाडीला पाट्यांऐवजी हवेवर धक्के झेलणारं एअर सस्पेन्शन घेतलं, ऐपत नसताना. आजवर त्यांचं एकही स्टिकर लाल झालेलं नाही.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं बरी गेली. आता सात गाड्या आहेत.

कोणी विचारलेलं नाही, तरी नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो. पॉलिसीत ‘गाडी विनापहारा सोडल्यास’ हे कलम शोधा आणि ड्रायव्हरला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. जेवायला दोघांनी एकदम उतरलं तर काय होतं ते त्याला आधी कळू दे. पत्ता बदलल्याचा फोन आला तर त्या नंबरावर विश्वास नको, आपल्या वहीतल्या नंबरावर उलटा फोन करा. एकदा गेटच्या अलीकडे जॅकेट घातलेला, हातात पॅड घेतलेला माणूस मामांना म्हणाला होता, आत डॉक (माल उतरवायच्या जागा) भरलेत, शेजारच्या गोदामात उतरवा. मामा काच खाली न करता गाडी सरळ गेटला घेऊन गेले. आत सगळे डॉक मोकळे होते. आणि ड्रायव्हर झोप आली म्हणाला तर त्याला कारण विचारू नका, जवळचा सुरक्षित थांबा सांगा. माल दोन तास उशिरा पोचला म्हणून कोणाचं घर बसत नाही.

मामा आता चालवत नाहीत, यार्डात बसतात. गाडी निघताना हातोडी घेऊन डब्यात चढतात, खाली उतरून रिव्हेट खरवडतात, मग टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारून बघतात. नवी पोरं हसतात.

गेल्या महिन्यात त्याच मोठ्या पार्टीचं पत्र आलं, नव्या रूटसाठी भाडं कळवा म्हणून. बहुतेक तिथली माणसं बदललीत, जुनं कोणाला माहीत नसावं. मी भाडं कळवलं, जरा चढंच. खाली अटी लिहिल्या : दोन्ही टोकांना काटा, दोन्ही वेळेला दोघे ड्रायव्हर कॅबिनमध्ये, मोजणी ड्रायव्हरसमोर, आणि जळालेल्या डिझेलचं वजन घटीतून वजा धरलं जाईल. शेवटची अट मामांनी सांगून घालायला लावली. अजून उत्तर नाही. मामा रोज सकाळी विचारतात, आलं का रे?